दर्या, दऱ्या आणि ग्रुपवरची शांतता

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की मोबाईलवर मराठी लिहिताना कुठं अडतं ते कळवा, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून इतकं आलं की दोन संध्याकाळी नुसत्या वाचण्यात गेल्या. खानापूर, निपाणी, उचगाव, अथणी, हल्याळवरूनसुद्धा. आणि जवळजवळ प्रत्येकानं आधी माफी मागितलीय. "प्रश्न बावळट वाटेल", "मला त्यातलं काही कळत नाही", "हसू नका ताई". मी कशाला हसू? आपल्या बेळगाव सीमाभागात माणसं लिहायची थांबतात ती शब्द सुचत नाहीत म्हणून नाही, असल्या बारीकसारीक अडचणींपायी थांबतात, आणि अडचण चारचौघांत सांगायची लाज वाटते म्हणून ती अडचण वर्षानुवर्षं तशीच राहते, हे मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून यावेळचं सदर पूर्ण यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न (खानापूर तालुका, निवृत्त शिक्षिका) – ताई, आमचा लिहिणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, साठेक जण आहेत. गेल्या महिन्यात मी आयुष्यातली पहिली कथा टाकली, आईच्या जात्यावरची, चार रात्री बसून टाईप केलेली. दोन अंगठे आले, एकानं हात जोडले आणि एकानं लिहिलं की मधेमधे डबे दिसतात, वाचता येत नाही. बस्स. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली कथा गेली वाहून. माझं लिखाण इतकं वाईट आहे का? परत टाकू का नको?

उत्तर – बाई, परत टाका. तुमची कथा मी मागवून घेतली नि वाचली. जातं परड्यात नेऊन ठेवल्यावर आई गिरणीतनं पीठ आणते, ते गरम लागतं म्हणून परातीत पसरून ठेवते आणि निवेपर्यंत तिथंच बसून राहते, काही न बोलता, तिथं मी पण थांबले आणि परत वरनं वाचलं. वाईट लिखाणात असं थांबायला होत नाही.

आता डबे आणि शांतता या दोन गोष्टी वेगळ्या करूया कारण तुम्ही त्या एकत्र धरून बसलाय. डब्यांचं असं की तुमच्या कथेत ॲल्युमिनियमचं पातेलं आहे, भावाचं ॲडमिशन आहे. हे जे ॲ आहे ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा देणाऱ्या पद्धतीत, २००८ साली आलं, त्याआधी लोक अ लिहून त्यावर वेगळा चंद्र द्यायचे. ज्यांच्या फोनमधला फॉन्ट जुना आहे त्या फोनकडे या अक्षराचं चित्रच नसतं, मग तो तिथं रिकामा चौकोन काढतो. म्हणजे तुमच्याकडून अक्षर बरोबर गेलंय, तिकडं उमटलं नाही इतकंच. त्यांच्याकडून एक स्क्रीनशॉट मागवा, डबे नेमके ॲ च्याच जागी आहेत का बघा, आणि त्यांना कथेची पीडीएफ पाठवा, पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत भरलेला असतो त्यामुळे फोन कितीही जुना असला तरी दिसतं. आणि एक सांगू, त्या माणसानं निदान उघडून तरी बघितली होती, त्यांचा राग धरू नका.

शांततेचं कारण मला दुसरं दिसतं. तुम्ही पूर्ण कथा एकाच मेसेजात टाकलीत. एवढा लांब मेसेज व्हॉट्सॲप दुमडून दाखवतं, वरच्या काही ओळी आणि खाली 'आणखी वाचा'. माणूस बसमध्ये असतो, दुकानात असतो, म्हणतो घरी जाऊन निवांत वाचू, आणि घरी जाईपर्यंत वर पन्नास मेसेज चढलेले असतात. साठ जणांनी कथा नाकारली असं झालेलं नाही, साठातल्या पन्नास जणांपर्यंत ती पोचलीच नाही. यावेळी तीन तुकडे करा, पाच-सहाशे शब्दांचे, रोज रात्री एक, आणि शेवटी एक नेमका प्रश्न विचारा, म्हणजे "कशी वाटली" असं नको, "आई शेवटी जातं परत घरात आणते ते पटतं का" असा. माणसाला उत्तर द्यायला कुठंतरी धरायला लागतं. त्याशिवाय ग्रुपमधल्या दोघींना वेगळा फोन करून सांगा की वाच आणि कुठं कंटाळा आला ते सांग. ग्रुपवर न बोलणारी माणसं फोनवर भरभरून बोलतात हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

प्रश्न (उचगाव) – दुसऱ्या असं टाईप करायला जातो तर दुसर्या होतं, रफार वर चढतो. ग्रुपवर एक सर दर वेळी लाल गोल मारून फोटो टाकतात.

उत्तर – यात तुमचं शुद्धलेखन चुकत नाही, बोटं चुकीच्या कळीवर जातात एवढंच. साध्या र ला हलंत (पाय मोडायची खूण) देऊन य लिहिला की रफारच होणार, सूर्य, कार्य, आचार्य यात तेच हवं असतं. आपल्याला हवा तो मराठीचा खास र, त्याच्यासाठी ऱ हे खाली टिंब असलेलं अक्षर घ्यायचं, मग हलंत, मग य. कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची कळ, झालं. मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहीत असाल तर वरच्या पट्टीत सुचवलेल्या शब्दांतनं बरोबर शब्द बोटानं निवडत चला, तीन-चारदा निवडला की फोन तोच पुढं करायला लागतो. जुन्या फायलींमध्ये कधीकधी हाच र दुसऱ्या पद्धतीनं टाकलेला असतो, र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह, दिसायला अगदी सारखा, खरं (आपल्याकडचं 'पण') शोधायला गेलात तर सापडत नाही, तेव्हा एका फायलीत एकच पद्धत ठेवा.

आणि हे सोडून देण्यासारखं नाही, कारण अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे चोर्ला घाटात उजव्या-डाव्या हाताला उतरतात त्या. आचार्यांना जेवायला वाढायचं असतं आणि आचाऱ्यांनी वाढायचं असतं. त्या सरांना नम्रपणे सांगा की सर, गोल मारण्याऐवजी कुठली कळ दाबायची ते एकदा दाखवा. त्यांना येत असेल तर ते नक्की दाखवतील, आणि येत नसेल तर हे पान दोघं मिळून बघा.

प्रश्न (कणकुंबी भाग) – कादंबरी लिहायला घेतली होती, फोनमधल्या नोट्समध्ये. तीन प्रकरणं झाली होती. जुलैत पाऊस असा लागला की चार चार दिवस लाईट नाही, रेंज नाही, त्यात फोन भिजला. दुकानात दिला तर त्यांनी न विचारता फॉरमॅट करून दिला. सगळं गेलं. त्या दिवसापासून एक ओळ लिहिलेली नाही. परत तेच लिहायचं म्हटलं की हात उचलत नाही.

उत्तर – तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. माझ्याही बाबतीत असं झालंय, ते पुढच्या उत्तरात येईल.

आधी शोधून घेऊ. तुमचं जे गूगल खातं त्या फोनवर होतं ते दुसऱ्या एखाद्या फोनवर उघडून बघा, काही नोट्स ॲप आपोआप खात्यात साठवतात आणि आपल्याला पत्ताच नसतो, अगदी शेवटचं नसलं तरी रेंज होती तोवरचं सापडू शकतं. मग आठवा की कुठलं प्रकरण कुणाला पाठवलं होतं का, तुमच्या फोनमधनं गेलं असलं तरी ज्यांना पाठवलं त्यांच्या फोनमध्ये असणार, त्यांना चॅटमध्ये तुमच्या पात्राचं नाव टाकून शोधायला सांगा. तुम्ही लिहिलंय की पहिलं प्रकरण ग्रुपवर टाकलं होतं. म्हणजे ते जिवंत आहे, चाळीस-पन्नास फोनांत आहे. ग्रुपवर सरळ लिहा, माझं लिखाण गेलंय, कुणाकडं पहिलं प्रकरण असेल तर परत पाठवा. हे मागण्यात कमीपणा नाही, ग्रुप असतो तो याचसाठी, आणि ज्यांनी वाचलं होतं त्यांना दुसरी गोष्ट विचारा, त्यात काय आठवतंय. मी खात्रीनं सांगते कुणीतरी असं काही सांगेल जे तुम्ही स्वतः विसरला होता, आणि लिहायला परत बसायला तेवढं पुरतं.

पुढं असं होऊ नये म्हणून नोट्स सोडा आणि गूगल डॉक्समध्ये लिहा, प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल, आणि प्रत्येक फाईल 'ऑफलाईन उपलब्ध' करून ठेवा म्हणजे रेंज नसतानाही लिहिता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, रेंज नसताना लिहिलेलं तेवढं त्या फोनातच असतं, म्हणून जांबोटीला, खानापूरला बाजाराला आलात की ॲप उघडून दोन मिनिटं तसंच धरायचं, सेव्ह झालं असं दिसेपर्यंत. पावसाळ्यात मी स्वतः वहीत लिहिते आणि रोजच्या पानाचा फोटो काढून बहिणीला पाठवते. तिनं वाचावं असं काही नाही, तिच्या फोनात असावं एवढंच. आणि कुठल्याही दुकानात फोन देताना आधी विचारायचं, माझा डेटा राहणार का, आणि नाही म्हणाले तर फोन परत घ्यायचा.

प्रश्न (निपाणी, कॉलेजमध्ये शिकतो) – माझे आजोबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, त्यांनी गोष्टी लिहिल्या होत्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्यांनी त्या डीटीपीवाल्याकडं टाईप करून सीडीत घेतल्या. आता आजोबा नाहीत. सीडी चालते पण फाईल उघडली की सगळी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात, एक शब्द कळत नाही. फाईल खराब झालीय का?

उत्तर – बाळा, बहुतेक नाही. फाईल शाबूत असणार, तुझ्याकडं तिचा फॉन्ट नाही एवढंच.

युनिकोड घरोघरी यायच्या आधी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांत काम चालायचं. त्या फॉन्टांत युक्ती अशी होती की कॉम्प्युटरच्या दृष्टीनं साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याच्या जागी मराठी अक्षराचं चित्र दाखवायचा. फॉन्ट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं, तेच तू बघतोयस. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथं क ला स्वतःचा आकडा आहे, कुठलाही फॉन्ट लावला तरी क तो क.

माझं सांगते. २००४ साली माझ्या एकोणीस कथा मी अशाच एका दुकानात टाईप करून घेतल्या होत्या, पैसे साठवून. दुकान बंद झालं, माझ्याकडं फाईल राहिली आणि कुठल्या फॉन्टातली हेच मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी ती फाईल उघडायची, बघायची, बंद करायची. कुणाला विचारलं नाही. शेवटी आमच्या ग्रुपमधल्या एका मुलानं, तुझ्याच वयाचा असेल, वर्डमध्ये फाईल उघडून वरच्या फॉन्टच्या चौकटीत नाव वाचलं, तो फॉन्ट एका जुन्या प्रेसमधनं मागून आणला, आणि अर्ध्या तासात माझ्या कथा माझ्यासमोर होत्या. मी त्या मुलासमोर रडले.

तर तू पण तिथनंच सुरू कर. फाईल उघड, थोडा मजकूर सिलेक्ट कर, वर फॉन्टचं नाव काय दाखवतंय ते लिहून घे, पूर्ण, आकड्यांसकट, कारण एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांत अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. मग त्या नावाचं रूपांतर करणारी सोय नेटवर शोध, या फॉन्टांतनं युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. आधी एकच पान टाकून बघ. रूपांतर झाल्यावर तीन ठिकाणी हमखास घाण होते, पहिली वेलांटी, रफार आणि आपला तो ऱ्या. कारण जुन्या फॉन्टांत डोळ्याला दिसतं त्या क्रमानं साठवायचे, वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोबर उलटं. तेव्हा ओळ न् ओळ नजरेखालनं घालावी लागेल. हे एकट्यानं करू नकोस. दहा गोष्टी असतील तर दहा जणांना एकेक वाटून दे, आजोबांच्या वयाच्या माणसांना दे, त्यांना वखारीतले शब्द माहीत असतील, तुला नसतील.

कन्व्हर्टर सापडलाच नाही तर दुसरी वाट आहे. कुणाकडं त्या गोष्टींची छापील प्रत असेल तर पानांचे स्वच्छ फोटो काढ, गूगल ड्राईव्हवर चढव आणि 'गूगल डॉक्समध्ये उघडा' म्हण, खाली मराठी मजकूर टाईप झालेला येतो. छापील अक्षराला हे चांगलं जमतं, हातानं लिहिलेल्याला तितकं नाही. पीडीएफ असेल तर तिच्यातनं नुसतं कॉपी-पेस्ट करू नकोस, काने-मात्रे इकडंतिकडं होतात.

प्रश्न (बेळगुंदी, गृहिणी) – मी बोलून टाईप करतो, स्वयंपाक करता करता. पण आमचं बोलणं फोनला कळत नाही. दहीबुत्ती म्हटलं की दही बत्ती लिहितो. आणि ग्रुपवर कथा टाकली की दोघं तिघं सुधारून परत पाठवतात, 'मी आलो' चं 'मी आले' करतात, 'खरं' काढून 'पण' घालतात. आमच्याकडं बायका 'मी आलो'च म्हणतात हो. मी चुकतो का?

उत्तर – चुकत नाही, आणि तुमच्या पत्रातलं 'मी चुकतो' हे मी मुद्दाम तसंच छापलंय. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात बाई 'मी आलो, मी गेलो' म्हणते आणि 'पण'च्या जागी 'खरं' येतं, हे आपलं बोलणं आहे. तुमच्या कथेतली सासू 'आलो की गं, खरं दार लावलेलं' असं म्हणते तेव्हा ती मला दिसते. तिला 'आले होते, परंतु दार बंद होते' असं बोलायला लावलं की ती मरते. सुधारणाऱ्यांना सांगा, पात्रांच्या तोंडची भाषा सुधारायची नाही. निवेदनात कुठली भाषा ठेवायची ते तुम्ही ठरवा, मला विचाराल तर तीही हीच ठेवा.

फोनचं असं करा. गूगलच्या कीबोर्डाला मराठी बोललेलं २०१७ पासून कळतं खरं त्याला शिकवलेली मराठी बरीचशी प्रमाण आहे. त्याच्या सेटिंगमध्ये डिक्शनरी म्हणून आहे, तिथं आपले शब्द घालून ठेवा, बुत्ती, चिरमुरे, परडं, जे काय लागतं ते. टाईप करताना ते शब्द मग वर सुचवले जातात, बोलताना लगेच सुधारेल असं मी म्हणणार नाही, तिथं हातानंच दुरुस्त करावं लागेल. ऑटो-करेक्शन बंद करा. सुचवलेला एखादा शब्द सारखा त्रास देत असेल तर त्याच्यावर बोट दाबून धरून कचऱ्याच्या डब्यात ओढायचा. आणि बोलताना लहान लहान वाक्यं बोला, कुकरची शिट्टी व्हायच्या आत एक.

प्रश्न (बेळगाव, ग्रुप ॲडमिन) – आमच्या ग्रुपवर ११८ जण. सुरुवातीला उत्साह होता, आता फक्त फॉरवर्ड, गुड मॉर्निंग आणि सीमाप्रश्नावरचे वाद. कथा टाकली की शुकशुकाट. परवा एका नवीन मुलीच्या कवितेवर एकानं सगळ्यांसमोर ऱ्हस्व-दीर्घ काढले, ती ग्रुप सोडून गेली. मी वैतागलोय, बंद करू का?

उत्तर – दादा, बंद नको, लहान करा. व्हॉट्सॲप १०२४ माणसं घेऊ देतं म्हणून लिहिणाऱ्यांचा ग्रुप तेवढा चालतो असं नाही. माझ्या मते पंधराच्या वर गेलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी वाचेल. तुमचा मोठा ग्रुप कार्यक्रम, पुस्तकं, शुभेच्छा यासाठी राहू दे आणि लिहिणाऱ्यांचे वेगळे आठ-दहा ग्रुप पाडा. आठवड्याला एकाचंच लिखाण आणि त्याला दोन वाचक आधी ठरवलेले, नावानिशी. त्या दोघांनी 'छान', 'अप्रतिम' लिहायचं नाही, आपण कुठं थांबलो, कुठं हललो, कुठं समजलं नाही तेवढं सांगायचं. ऱ्हस्व-दीर्घ असेल तर खासगीत. टाकल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत मेसेज एडिट करता येतो, तेव्हा लगेच खासगीत सांगितलं तर लेखकाला चारचौघांत खाली न बघता तिथल्या तिथं दुरुस्त करता येतं. त्या मुलीला तुम्ही स्वतः फोन करा. मेसेज नको, फोन. आणि ज्यांनी ऱ्हस्व-दीर्घ काढले त्यांनाही करा, त्यांना बहुतेक मदतच करायची होती.

सीमाप्रश्नाचं मी 'इथं नको' म्हणणार नाही. १९४६ साली बेळगावला साहित्य संमेलन झालं, माडखोलकर अध्यक्ष होते, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. आपल्याकडं लिखाण आणि हा प्रश्न एकाच घरात राहत आलेत. कुणी स्वतःच्या शाळेबद्दल, सातबाऱ्याबद्दल, एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनेच्या दिवशी, घरात काय होतं त्याबद्दल लिहीत असेल तर ते लिखाण आहे, त्याला जागा हवी. दुसऱ्यानं लिहिलेलं, तिसऱ्यानं पाठवलेलं फॉरवर्ड मात्र मोठ्या ग्रुपवर.

अजून एक करून बघा, आमच्याकडं चाललंय. वडगावातला एक मुलगा मागावर काम करतो, कविता लिहितो, टायपिंगचा वेग विचारू नका. टिळकवाडीतल्या एक आजी आहेत, शहात्तर वर्षांच्या, त्यांना फोनवर अक्षर सापडत नाही खरं वाचन अफाट. तो रविवारी त्यांच्याकडं जाऊन त्यांची चार पानं टाईप करून देतो आणि त्या त्याची कविता मोठ्यानं वाचतात, अडखळतात तिथं पेन्सिलनं खूण करतात. त्याच्या कविता वर्षभरात कुठच्या कुठं गेल्यात.

प्रश्न (कडोली परिसर) – गावच्या संमेलनाची स्मरणिका करतोय. सगळ्यांनी मोबाईलवर टाईप करून लेख दिले. प्रेसवाले म्हणतात युनिकोड चालत नाही, परत टाईप करावं लागेल, पैसे वेगळे. खरं का?

उत्तर – ते पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करत असतील तर खरं आहे. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, युनिकोड त्याला येत नाही. खरं परत टाईप करायची गरज नाही, युनिकोडमधनं जुन्या फॉन्टात नेणारे कन्व्हर्टरही असतात, त्यांना विचारून बघा. इनडिझाईन हे त्यानंतरचं सॉफ्टवेअर असेल तर युनिकोड चालतं, फक्त त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर नावाची सेटिंग लावावी लागते, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात आणि मग 'बघा, म्हणालो होतो' असं होतं. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट मिळतात, छापील पानाला चांगले दिसतात. काहीही झालं तरी छपाईच्या आधी प्रत्येक लेखकाला त्याच्या पानाचा प्रूफ फोटो पाठवून होकार घ्या. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, एवढ्याएवढ्या गावांत लोक पदरमोड करून संमेलनं भरवतात, त्यांच्या स्मरणिकेत शेतकऱ्याचं पहिलंच छापलेलं नाव चुकीचं नको.

प्रश्न (बेळगाव, अकरावी) – माझं शिक्षण कन्नड मीडियममध्ये झालंय. घरी मराठी बोलतो. मला मराठीत गोष्ट लिहायचीय पण वाचायला वेळ लागतो आणि लिहिताना खूप चुका होतात. मैत्रीण म्हणते ग्रुपवर टाकलंस तर हसतील. कन्नड टायपिंग येतं मला, शाळेत शिकले. मराठीचं परत पहिल्यापासून शिकावं लागेल का?

उत्तर – नाही गं. तू शाळेत इन्स्क्रिप्ट शिकली असशील तर तुझं अर्धं काम झालंय. आपल्या देशातल्या लिप्यांसाठी तो एकच आराखडा केलेला आहे, कन्नड क ज्या कळीवर आहे त्याच कळीवर मराठी क आहे, के वर, आणि शिफ्ट धरलं की दोन्हीकडं ख. ळ सुद्धा तुझ्या दोन्ही भाषांत आहे, आणि दोन्हीकडं एन वर, शिफ्ट धरून. फक्त भाषा बदलायची, बोटं तीच. फरक पडतो तो थोडाच, कन्नडमध्ये ए आणि ओ चे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे असतात, मराठीत एकच ए आणि एकच ओ, तेव्हा तिथं तुला उलट कमी लक्षात ठेवायचंय. ऱ्या तेवढा नवीन, त्याची कृती वर उचगावच्या उत्तरात दिलीय.

चुकांचं म्हणशील तर आधी न थांबता पूर्ण गोष्ट लिही, जिथं मराठी शब्द सुचणार नाही तिथं कन्नड शब्द देवनागरीत लिहून पुढं जा. काही शब्द मागाहून बदलशील, काही तसेच राहतील आणि तेच बरोबर असतील, आपल्या गल्लीत माणसं तशीच बोलतात. वाचनासाठी सार्वजनिक वाचनालयात जा, लहान मुलांच्या पुस्तकांपासून घे, लाजू नकोस, मोठ्यानं वाच. आणि ग्रुपवर एकदम टाकू नकोस. आधी मला पाठव, सदराच्या पत्त्यावर, गोष्टीचं पहिलं पान, जसं असेल तसं. टिळकवाडीच्या त्या आजींना मी विचारलंय, दुसरी वाचक म्हणून त्या तयार आहेत, आणि त्यांनी विचारलंय की तुला रविवारी सकाळी दहा जमेल का.